बार्बिकनमध्ये राहून पाहिल्यावर

लंडनच्या ऐन सिटीत, म्हणजे शहराच्या मध्यातल्या बँका-कचेऱ्यांच्या भागात, बार्बिकन इस्टेट या काँक्रीटच्या वसाहतीत भाड्याने राहायला लागून हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. बदली होऊन येणारे बरेच जण या घरांबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला आक्षेप काँक्रीटवरच असतो. लांबून भिंती मळकट दिसतात हे खरं, पण जवळ जाऊन हात फिरवा. ओतलेलं काँक्रीट किमान 21 दिवस वाळू दिलं आणि मग पाट्याला टाकी लावावी तसं कामगारांनी हातातल्या यंत्राने ते टोचून काढलं. आतली ग्रॅनाइटची खडी त्यामुळे उघडी पडली. एवढ्या अवाढव्य वसाहतीत हे काम माणसांनी भिंतीला भिडून केलंय! कलतं ऊन पडलं की एकेक टवका वेगळा दिसतो. मला तरी ही भिंत कुठल्याही काचेच्या टॉवरपेक्षा देखणी वाटते.

29 डिसेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात हा भाग बेचिराख झाला; 1951 मध्ये इथल्या क्रिपलगेट विभागात जेमतेम 48 रहिवासी उरले होते. तिथे चेंबरलिन, पॉवेल अँड बॉन या वास्तुरचनाकारांच्या आराखड्यानुसार सुमारे दोन हजार घरं उभी राहिली. काम 1965 ते 1976 चाललं. गाड्या खाली आणि माणसं वरच्या पदपथांवर, ही योजना आजही चोख चालते. शहराच्या मध्यात राहूनही खिडकी उघडली की तळ्यातल्या बदकांचा आवाज येतो. पाहुणे मात्र हमखास वाट चुकतात, जमिनीवर रस्ता दाखवणारी पिवळी रेघ आखलेली असूनही.

आता घरातलं. हीटिंग फरशीखालून, तेही सगळ्यांना सामाईक. थंडीत सकाळी अनवाणी चालायला फार सुख. पण उकडायला लागलं तर खिडकी उघडायची, दुसरा इलाज नाही. स्वयंपाकघर आटोपशीर आहे. त्याच्या आखणीत बोटी बांधणाऱ्या कंपनीची मदत घेतली होती. हाताशी सगळं येतं, पण आमच्याकडे त्याला खिडकीच नाही. मोहरी-हिंगाची फोडणी दिली की वास झोपायच्या खोलीपर्यंत जातो. रोज साग्रसंगीत स्वयंपाक करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

भाडं जबरी आहे. ही घरं मुळातच सिटीत नोकरी करणाऱ्यांसाठी बाजारभावाने द्यायला बांधली होती, स्वस्त घरांची योजना ती कधीच नव्हती. परवडत असेल तर बिनधास्त घ्या. फक्त काही घरांत खालून जाणाऱ्या ट्रेनची घरघर जाणवते, तेव्हा घर संध्याकाळी गर्दीच्या वेळेलाच पाहा.