पावसाने शाळा बंद: मुलं घरी ठेवावी, शेजारी की बाहेर न्यावी?

सुट्टीचा निरोप सकाळी साडेसहाला येतो, तोवर डबा भरून झालेला असतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या आईवडिलांपुढे मग चार वाटा उरतात: एकाने घरून काम करत मुलं सांभाळायची, सोसायटीतल्या दोन-चार घरांनी आळीपाळीने सांभाळायची, संग्रहालयात न्यायची किंवा मॉलमधल्या प्ले झोनमध्ये. यातली कुठली वाट धरायची हे दोन गोष्टींवर ठरतं: सुट्टी कशामुळे आहे आणि सर्वात लहान मूल किती वर्षांचं आहे.

आधी सुट्टीचं कारण बघा

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. त्या दिवशी बाहेरच्या दोन्ही वाटा बाद. ८ जुलै २०२४ ला रात्री एक ते सकाळी सात एवढ्यात शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. अशा सकाळी लोकल कुठे अडकेल हे कुणी सांगू शकत नाही.

बरेचदा सुट्टी जाहीर होते आणि दुपारी लख्ख उघडतं. तेव्हा बाहेर पडायचा मोह होतो, पण भरतीची वेळ बघितल्याशिवाय निघू नका. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीत समुद्राचं पाणी आत शिरू नये म्हणून नाल्यांच्या तोंडाची दारं बंद ठेवावी लागतात. त्या दोन-तीन तासांत जोराची सर आली, तर हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथलं पाणी ओसरत नाही.

घरून काम करत सांभाळणं

सात वर्षांच्या पुढच्या एक-दोन मुलांसाठी हे जमतं. पाचाच्या आतलं मूल असेल तर मीटिंगही धड होत नाही आणि मूलही धड सांभाळलं जात नाही. ही वाट मनातून काढून टाका. मोठ्या मुलांचा दिवस पाऊण-पाऊण तासाचे तुकडे पाडून आखा. प्रत्येक तुकड्याची पहिली दहा मिनिटं तुम्ही सोबत बसून काम सुरू करून द्या. सुरुवात तुमच्याबरोबर झाली की पुढची पस्तीस मिनिटं मूल एकटं रमतं. नुसतं 'जा, चित्र काढ' म्हटलं तर दहाव्या मिनिटाला ते परत दारात उभं असतं.

हाताच्या कामांपैकी दोन भर मुंबई-पावसात फसतात. मीठ घालून मळलेल्या मैद्याच्या गोळ्याची खेळणी सगळे सुचवतात, पण मीठ हवेतला ओलावा ओढतं. वाळत ठेवलेला गणपती दुसऱ्या दिवशी घाम फुटल्यासारखा पाझरतो. खेळून मोडायचा असेल तरच तो गोळा करा. दुसरा कागदाचा लगदा, त्याला वाळायच्या आधी बुरशी येते.

खात्रीने जमणारं काम म्हणजे पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, खांद्याखाली कापा (कापायचं काम मोठ्या माणसाचं) आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, कडेला चिकटपट्टी लावा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, त्यामुळे आधी खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी घाला. त्या पाण्याच्या पातळीवर शून्य आणि तिथून वर मोजपट्टीने मिलिमीटर. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच व्यासाची असल्यामुळे आकडा थेट वाचता येतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलात तर छज्जा आणि भिंत पाऊस अडवतात, आकडा कमी येतो. उघडी गच्ची उत्तम, पण मुलांना तिथे एकटं पाठवू नका. रोज सकाळी साडेआठला वाचा, कारण कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचा २४ तासांचा आकडाही साडेआठपर्यंतचाच असतो. मुलं दोन्ही ताडून बघतात.

सोसायटीतली आळीपाळी

आमच्या मते रेड अलर्टच्या दिवशी याहून चांगली सोय नाही, अट एवढीच की ती जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलेली हवी. सुट्टीच्या सकाळी दारं ठोठावून ती उभी राहत नाही. तीन-चार घरं पुरे, शक्यतो एकाच इमारतीतली. पूर्ण दिवसाची रजा कुणालाच परवडत नाही, म्हणून दिवस अर्धा करा: नऊ ते एक एका घरी, एक ते पाच दुसऱ्या घरी. एका मोठ्या माणसामागे सहा मुलं, त्यात पाचाच्या आतली दोनच.

हे मोडतं ते एकाच कारणाने. ज्या घरात आजी किंवा नोकरी न करणारी आई असते, तिथेच सगळ्यांची मुलं जाऊन बसतात. 'काकू घरीच असतात ना' हे वाक्य बंद झालं पाहिजे. पाळ्यांची वही ठेवा. ज्यांना पाळी घेता येत नाही त्यांनी शनिवारी मुलं सांभाळावीत किंवा सगळ्यांचं जेवण पाठवावं. सहा मुलांच्या मऊ खिचडीला दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ आणि नऊ वाट्या पाणी पुरतं.

मुलं यायच्या आधी न्हाणीघराच्या आतल्या कडीला फडकं गुंडाळा (मूल आत अडकण्याचा प्रकार यानेच टळतो), गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि सगळे मोबाइल एका डब्यात ठेवा. एकाने मोबाइल काढला की सहाही त्याच्याभोवती गोळा होतात. कॅरम पावसात जड चालतो, कोरड्या फडक्याने पुसून थोडी पावडर टाकली की सोंगट्या सरकतात. सहा जणांत दोन बाहेर राहतात, म्हणून शेजारी खडूने पाच बाय पाच घरांचा अष्टाचंग आखून ठेवा. कवड्या नसल्या तर दोन चिंचोके फोडले की चार फाका मिळतात.

संग्रहालय

पाऊस सोडून दुसऱ्या कारणाने सुट्टी असेल तर ही वाट पहिली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मुलांना यंत्रांना हात लावता येतो, ते दोन तास सहज रमतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे. भुयारी मेट्रोने दोन्हीकडे जाता येतं: सायन्स सेंटर स्थानक, आणि संग्रहालयासाठी हुतात्मा चौक किंवा विधान भवन. मात्र भुयारी आहे म्हणून ती पावसात बिनधोक समजू नका; २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं होतं.

वार बघायला विसरू नका. राणीची बाग बुधवारी बंद असते, पेडर रोडवरचं सिनेसंग्रहालय सोमवारी. शासकीय दुखवट्याची सुट्टी असेल तर आधी फोन करूनच निघा.

प्ले झोन

पैसे तासावर मोजले जातात, मोजे वेगळे विकत घ्यावे लागतात, मूल दीड तासात दमतं आणि उरलेला दिवस तसाच राहतो. शाळा बंद असलेल्या दिवशी गर्दीही तिप्पट वाटते. चार ते सहा वयाच्या एकाच मुलासाठी, मॉल चालत जाण्याइतका जवळ असेल तर ठीक.

मुलं पाण्यात खेळायला मागतीलच. सोसायटीच्या आवारात पडत्या पावसात खुशाल भिजू द्या, रस्त्यावर साचलेल्या पाण्यात नको. त्यातून लेप्टोस्पायरोसिस (उंदीर-जनावरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) होतो. तशा पाण्यातून मूल चाललं असेल, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा.

शाळा भरल्यावर मध्येच सोडली तर काय, हेही जूनमध्येच ठरवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कित्येक मुलं रात्रभर शाळेतच राहिली आणि सुखरूप राहिली. पाणी चढत असेल तर मुलाला शाळेतच थांबवायला सांगा. आणि आळीपाळीतल्या दोन घरांची नावं, फोन नंबर आणि फोटो शाळेत लेखी देऊन ठेवा, नाहीतर शेजारच्या काकू फाटकाशी पोचूनही मूल त्यांच्या ताब्यात मिळत नाही.