टिमोथी गवताचे सात महिने : जाड ससा आणि पिशवीच्या तळाचा चुरा

काल अकरावी पिशवी संपली आणि तिच्या तळाशी २१० ग्रॅम चुरा निघाला. एक किलोची पिशवी मला ८५० रुपयांना पडते, म्हणजे १७८ रुपये ५० पैशांची धूळ मी घरपोच मागवली, असा त्याचा सरळ हिशेब आहे. टिमोथी म्हणजे सशांच्या खाण्यासाठी विकले जाणारे वाळके गवत, हे ससा पाळणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून येथे केवळ वापराविषयी लिहितो.

जानेवारीत साबूला, म्हणजे आमच्या सशाला, पशुवैद्यांकडे नेले, ते वजनासाठी नव्हे. त्याच्या शेपटीखाली केसांना धरून लेंड्यांचा चिकट गोळा बसला होता आणि मला तो जुलाब वाटला होता. डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवली, मग मलाही फिरवायला लावली. हाडे लागायच्या जागी गादी लागत होती. ससे आपल्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून पुन्हा खातात आणि त्यांतून त्यांना प्रथिने व जीवनसत्त्वे मिळतात. साबूचे पोट एवढे सुटले होते की त्याचे तोंड तेथवर पोहोचतच नव्हते. अशा घाणीवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात, हे ऐकल्यावर मी मुकाट्याने काट्याकडे पाहिले. २ किलो ९१० ग्रॅम. त्याच्या चणीला सव्वादोन किलो पुष्कळ झाले, असे डॉक्टर म्हणाले.

दोष आमचाच होता. रोज वाटीभर, म्हणजे सुमारे ९० ग्रॅम, मका आणि सूर्यफुलाच्या बिया घातलेले रंगीत मिश्रण, ज्यातले गोड तेवढे तो निवडून खात असे. शिवाय आईच्या हातचा पोळीचा तुकडा आणि केळ्याचे टोक. ‘मुक्या जनावराच्या तोंडचा घास कसा काढायचा,’ हा आईचा प्रश्न. डॉक्टरांनीही उपाशी ठेवायला सक्त मनाई केली, पण कारण वेगळे सांगितले : सशाच्या पोटात सतत काही जात राहिले नाही तर आतडे थंडावते, आणि जाड सशाने खाणे सोडले तर चरबी यकृतात उतरून जिवावर बेतते. म्हणून मिश्रण बंद करून सशांच्या खाद्याच्या एकसारख्या गोळ्या, त्याही टप्प्याटप्प्याने ३० ग्रॅमपर्यंत खाली, केळे बंद, कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला थोडा, गवत मात्र हवे तेवढे. आठवड्याला २५-३० ग्रॅमपेक्षा जास्त वजन उतरता कामा नये, अशी तंबीही मिळाली.

पहिले दहा दिवस साबूने या गवतावर केवळ बसून दाखवले. मग गोळ्या कमी होत गेल्या तसा तो खाऊ लागला, आणि लांब काडी एका टोकाने धरून ती कुरकुर आवाज करत आत ओढून घेताना पाहणे हे आमचे संध्याकाळचे करमणुकीचे साधन झाले. त्या भरात मी या गवताला पाच तारे दिले होते. ते आता मागे घेत आहे.

कारण चुरा. पहिल्या पिशवीत तो ९० ग्रॅम होता, सातवीत १४०, आता २१०. विक्रेत्याला छायाचित्र पाठवले, तेव्हा ‘गवत नैसर्गिक असल्याने थोडाफार चुरा अपेक्षित आहे’ असे उत्तर आले; काट्यावरचा आकडा पाठवला, तेव्हा तेच उत्तर पुन्हा आले. हा माझा नुसता कंजूषपणा नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि लांब काड्या आडव्या चघळण्यानेच ते झिजतात. शिवाय जाड धागे आतडे हलते ठेवतात, तर बारीक कण मागे वळून आंधळ्या आतड्यात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जाऊन आंबतात. गवताचे पीठ करून विकले तर गवत विकत घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. वर साबू शिंकतो, ते वेगळेच.

एप्रिलमध्ये चिडून मी स्वस्ताच्या मागे लागलो आणि वैरणवाल्याकडून लसूणघास आणला. साबूने तो अधाशासारखा फस्त केला, पण चौथ्या दिवशी त्याची लघवी फरशीवर खडूच्या पाण्यासारखी वाळलेली दिसली. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही जास्त. वाढत्या पिलाला ठीक, जाड प्रौढ सशाला नाही. पैसे वाचवण्याच्या नादात डॉक्टरांची एक फी वाढली.

त्यानंतर दूर्वा सुचल्या. फुलबाजारात त्या बारमाही मिळतात, मात्र संकष्टीच्या आदल्या दिवशी भाव ऐकून ससा पाळावा की गणपतीची क्षमा मागावी, असा प्रश्न पडतो. शेवटी सोसायटीच्या माळीकाकांनीच डोळे उघडले : दूर्वा म्हणजे हरळी, आणि ती ते दर आठवड्याला उपटून फेकतात! तणनाशक मारलेले नाही याची खात्री करून, विळ्याने कापलेली हरळी मी धुऊन पंच्यावर पसरतो आणि निथळल्यावर देतो. यंत्राने कापलेले हिरवळीचे ढीग मात्र देऊ नयेत. ते लगेच तापतात आणि आंबतात.

तेव्हापासून टिमोथी रोज ४०-४५ ग्रॅम आणि बाकी हरळी, असे चालले आहे. वजन मी दर रविवारी घेतो : भाजीची टोपली काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, साबूला आत बसवायचे, आणि त्याने कान स्थिर ठेवण्याची वाट पाहायची, तेवढ्यात काटा आपोआप बंद पडतो. तरीही दिनदर्शिकेवर, दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींशेजारी, काल २,३४० ग्रॅम लिहिले. शेपटीखालचे केस मे महिन्यापासून स्वच्छ आहेत आणि तो सोफ्यावर पुन्हा स्वतः उडी मारतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर यात या महागड्या गवताचे श्रेय मला पूर्वी वाटले होते तेवढे नाही. वजन उतरले ते दाणे कमी झाल्याने, गवताने फक्त पोट भरले आणि जबडा चालता ठेवला. पण पावसाळ्यात ओल्या हरळीवर भागत नाही आणि माझ्या भागात दुसरे चांगले वाळके गवत मिळत नाही, म्हणून तीन तारे. पिशवी उघडल्यावर गवत सुती पिशवीत टांगून ठेवावे. मूळ पिशवीत जुलैच्या दमट हवेत ते दोन आठवड्यांत कुबट झाले आणि पाव किलो फेकावे लागले.

बारावी पिशवी मागवली आहे. ती आली की प्रथम चाळणार आणि चुऱ्याचे वजन येथेच लिहिणार. चाळण आईची आहे, आणि ती परत कधी मिळणार, असे तिने कालपासून दोनदा विचारले आहे.