बर्ड २ आणि १६ एमबीचा राउटर: पावसाळाभर वापरल्यानंतर

लिहायचं कधीचं डोक्यात होतं पण मुहूर्त लागला तो गणपतीच्या आधी. लालबागला आमचा छोटा छापखाना आहे, त्या दिवसांत वर्गणीची पावती पुस्तकं, बॅनर, पत्रिका, नुसती झुंबड असते, आणि नेमकं मंडपाचे बांबू चढवताना कुणीतरी खांबावरून लोंबणारी आमची फायबर तोडली. कस्टमर केअरवाला तासभर ‘सर, राउटर रिस्टार्ट करून बघा’ एवढंच म्हणत होता (वायर रस्त्यावर पडलीय, रिस्टार्ट काय करू?). आणि गंमत म्हणजे दुकानात कुणाला पत्ताच नाही! गिऱ्हाइकांच्या फाइल्स व्हॉट्सॲपवर येतायत, बिलं निघतायत. एक चालू डाउनलोड तेवढं तुटलं, ते परत लावलं. मेव्हणा म्हणाला, ‘दाजी, तुम्ही नेट गेलं म्हणून फोनवर भांडताय, मग हे चालतंय कशावर?’

चालत होतं घरच्या लाइनवर. घर समोरच्याच बिल्डिंगमध्ये, दोन गच्च्यांवर वायरलेस ब्रिज, दोन्हीकडे लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले सेकंडहँड राउटर, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ सिस्टिमऐवजी टाकायची फुकट लिनक्स) आणि मधे ओएसपीएफ, म्हणजे कुठला रस्ता चालू आहे हे राउटर एकमेकांना सांगतात ती पद्धत. ती चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे बर्ड २, त्याचाच हा रिव्ह्यू. लाइन दोन वेगळ्या कंपन्यांच्या, त्यामुळे एक गेली की दुसरीवर जायचं. बॅकअपसाठी वेगळं फोरजी रिचार्ज भरायचं नाही, मुद्दा हाच होता. ‘एमवॅन३ (अनेक लाइन सांभाळणारं पॅकेज) का नाही’ असं कुणी म्हणायच्या आधीच सांगतो, ते एका राउटरला दोन लाइन असतील तेव्हा, इथे राउटर दोन आहेत आणि तिसरा मेव्हण्याकडे लागायचाय.

आधी बर्डऐवजी एफआरआर, हेच काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर, बघितलं होतं, कारण कमांड सिस्को कंपनीच्या राउटरसारख्या, हात बसलेला. पॅकेज करणाऱ्याने तुकडे चांगले पाडलेत, झेब्रा (कर्नलशी बोलणारा भाग) वेगळं, ओएसपीएफडी वेगळं, बीजीपी (रूटिंगची आणखी एक पद्धत) नको तर टाकू नका. पण खाली लिबयांग नावाची लायब्ररी येतेच, त्याशिवाय एफआरआर बांधताच येत नाही, जेसनची लायब्ररी येते, व्हीटीवायएसएच (कमांड द्यायचा भाग) घेतलं की रीडलाइन (बाण दाबून जुनी कमांड आणणारी लायब्ररी) येतं आणि रीडलाइनमागे एनकर्सेस ही आणखी एक. १६ एमबी फ्लॅशमध्ये कर्नल, रूटएफएस (सिस्टिमच्या मूळ फाइल्स), लुसी (सेटिंगचं वेब पेज) जाऊन ओव्हरलेला, म्हणजे आपल्याला लिहिता येतं त्या भागाला, उरतं किती? त्यात आधीचं काहीतरी काढून जागा करू म्हणाल तर तेही नाही, फर्मवेअरमध्ये भाजलेलं पॅकेज काढलं तरी जागा मिळत नाही, ते ज्यात असतं ते स्क्वॉशएफएस (दाबून भरलेली फाइलसिस्टिम) रीड-ओन्ली आहे, नुसती ‘काढलं’ अशी खूण ओव्हरलेवर पडते, म्हणजे उलट थोडी जागा खाते! नवीन राउटर घ्या हे उत्तर मला नकोय, पैसे झाडाला लागत नाहीत.

बर्डचं पॅकेज एक एमबीच्या आत. एकच प्रोसेस, त्यातच ओएसपीएफ, बीजीपी, बाबेल अशा सगळ्या रूटिंगच्या पद्धती. पण मी खरा फिदा आहे तो बर्डसीएलवर. कंट्रोल करायचा क्लायंट दोन पॅकेजमध्ये मिळतो, बर्ड२सी आणि बर्ड२सीएल, पहिल्याला रीडलाइन लागतं, दुसऱ्याला नाही. वरचा बाण दाबून आधीची कमांड येत नाही म्हणून लोक नाक मुरडतात. अरे पण आत शिरताच कशाला, शेलमधूनच ‘बर्डसीएल शो प्रोटोकॉल्स’ लिहा, बाण ॲशमध्ये (राउटरचा शेल) चालतोच की! दोन लायब्ररी वाचल्या. ज्याने हे दोन तुकडे वेगळे ठेवले त्याला माझ्याकडून एक कटिंग.

एक गोष्ट मात्र नीट बघा. पीपीपीओईचा (लाइनच्या लॉगिनचा) डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, बर्डला दिसावा म्हणून कर्नल प्रोटोकॉलमध्ये ‘लर्न’ लावतो आपण, पण तसा शिकलेला रूट प्रेफरन्स १० वर येतो आणि ओएसपीएफचा १५० (मोठा आकडा जिंकतो), म्हणजे शेजाऱ्याचाच डिफॉल्ट जिंकतो आणि आपला पलीकडे जातच नाही. इंपोर्ट फिल्टरमध्ये प्रेफरन्स १५० च्या वर न्यायचा. कर्नलमध्ये भांडण होत नाही, कारण बर्ड आपले रूट मेट्रिक ३२ ने घालतं (इथे लहान आकडा जिंकतो, आणि आपल्या लाइनचा त्याहून लहान), आपली लाइन चालू असेल तर तीच वापरली जाते.

शिव्या आहेत त्या सिसअपग्रेडला, म्हणजे फर्मवेअर अपग्रेडच्या कमांडला. नवी इमेज टाकली की वरून टाकलेली सगळी पॅकेजेस गायब, कॉन्फिग फाइल राहते आणि ती वाचणारं बर्डच नसतं! आणि फाइलसुद्धा पॅकेजच्या मेकफाइलमध्ये (पॅकेज बांधायची कृती लिहिलेली फाइल) ‘कॉन्फफाइल्स’खाली नाव असेल तीच धरली जाते. मी फिल्टर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, ती सिसअपग्रेड.कॉन्फमध्ये हाताने लिहावी लागते. अपग्रेडआधी ‘सिसअपग्रेड -एल’ मारून यादी वाचाच. यावरून तीन स्टार देणार होतो.

पण मग इमेज बिल्डर (हवी ती पॅकेजेस घालून फर्मवेअर जुळवून देणारं साधन) घेतला आणि मत बदललं. कंपाइल काही करायचं नाही, पॅकेजेसच्या यादीत बर्ड२ आणि बर्ड२सीएल लिहायचं, नको त्याच्या मागे वजा चिन्ह, की सगळं स्क्वॉशएफएसमध्ये दाबून बसतं. अपग्रेड केलं तरी बर्ड जागेवर, वर ओव्हरलेही जवळपास रिकामा राहतो. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण बर्ड२ ला यूसीआय (ओपनडब्ल्यूआरटीची सेटिंगची एकसारखी पद्धत) नाही, सगळं बर्ड.कॉन्फमध्ये व्हीआय एडिटरने.

मेव्हण्याचा राउटर ८ एमबीचा आहे. त्यात लुसी वजा करून बसवतोय. तो म्हणतो वेब पेज नसेल तर वायफायचा पासवर्ड कसा बदलणार. म्हटलं, मला फोन कर.