भाड्याचा पोकलेन: ऑपरेटर हिरा, दात बोथट

राजापूरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) चिरेखाणीची वरची माती काढायला २० टनी पोकलेन तासाच्या भाड्याने घेतला. पहिल्या दिवशी काम सरेना. बघतो तर बकेटचे दात झिजून अंगठ्याएवढे! जांभ्यात, म्हणजे चिऱ्याच्या तांबड्या दगडात, शिरणार कसे? नुसतं खरवडणं, आणि डिझेल आमचं. दात बदलायला मालकाने दोन दिवस घालवले, तिथे गुण कापले.

ऑपरेटर मात्र हिरा. मागे उभा केलेला डंपर त्याने बाजूला, खालच्या टप्प्यावर घ्यायला लावला. मशीनला १८० अंश फिरावं लागत होतं, ते ९० वर आलं. पाच बकेटांत गाडी भरायची. पुढचा खोळंबा आमचाच, डंपर दोनच होते ना! पावसाआधी पुन्हा बोलावणार, पण दात बघूनच.