‘२०१०’ अवश्य वाचावी, पुढच्या दोन नाही वाचल्या तरी चालेल

स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. त्यातला काळा मोनोलिथ (परग्रहवासीयांनी ठेवलेली गूढ शिळा), हॅल हा संगणक आणि शेवटचे ते गूढ मौन ज्यांच्या मनात कायमचे घर करून बसले आहे, त्यांना आर्थर सी. क्लार्क यांनी पुढे लिहिलेल्या तीन कादंबऱ्या कधी ना कधी खुणावतातच. ‘२०१०: ओडिसी टू’ (१९८२), ‘२०६१: ओडिसी थ्री’ (१९८७) आणि ‘३००१: द फायनल ओडिसी’ (१९९७) या त्या तीन कादंबऱ्या. आधी चित्रपट पुन्हा पाहून मग या तिन्ही मी नुकत्याच ओळीने वाचल्या. पहिली मनापासून वाचावी, दुसरी हौस असेल तर वाचावी आणि तिसरी टाळावी, असे माझे मत झाले. त्याची कारणे सांगताना कथानकातल्या काही गोष्टी उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

या कादंबऱ्या मूळ पुस्तकाच्या नव्हे, तर चित्रपटाच्या उत्तरकथा आहेत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. चित्रपट आणि क्लार्क यांची ‘२००१’ ही कादंबरी साधारण एकाच वेळी आकाराला आल्या, पण कादंबरीत डिस्कव्हरी हे यान शनीकडे जाते आणि चित्रपटात ते गुरूपाशीच थांबते, कारण शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी उभी करणे त्या काळी जमले नाही. ‘२०१०’ लिहिताना क्लार्क यांनी स्वतःचे पुस्तक बाजूला ठेवून चित्रपटातला गुरू स्वीकारला, आणि प्रस्तावनेत तसे मोकळेपणाने सांगितले. आपल्याच लेखनाला अशी मुरड घालणे सोपे नसते. मात्र एक गोष्ट त्यांनी पुस्तकातलीच राखली. हॅलला शिकवणारा माणूस चित्रपटात लँग्ली नावाचा आहे, तर कादंबरीत तो डॉ. चंद्रा आहे. ‘२०१०’मध्ये हाच अबोल, हट्टी, माणसांपेक्षा यंत्रांत अधिक रमणारा भारतीय शास्त्रज्ञ कथेच्या मध्यभागी येतो. १९८४ साली पीटर हायम्स यांनी या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा चंद्रा हे नाव टिकले, पण त्याचे भारतीयपण गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

गुरूची निवड क्लार्क यांना भलतीच फळली. १९७९च्या मार्च आणि जुलै महिन्यांत दोन्ही व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली आणि तोवर दुर्बिणीतून ठिपक्यांसारखे दिसणारे गुरूचे मोठे चंद्र एकाएकी जिवंत जगांसारखे समोर आले. आयोवर ज्वालामुखी धगधगताना दिसले. युरोपाचा बर्फाळ पृष्ठभाग तडे गेलेल्या काचेसारखा निघाला, आणि गुरूच्या भरती-ओहोटीच्या ताणामुळे आतून उष्णता मिळत असेल तर त्या बर्फाखाली समुद्र असू शकेल, असा विचार सुरू झाला. ‘२०१०’ या नव्या ज्ञानातून उगवली आहे. चित्रपटाने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न सोडवण्याच्या घाईने ती लिहिलेली नाही, आणि माझ्या मते तिचे खरे बळ यातच आहे. १९६८ साली जे कोणाला ठाऊक नव्हते ते सांगण्यासाठी लेखक त्या जागी परत गेला आहे.

याचा पुरावा म्हणून चिनी यान ‘चिएन’ याचे प्रकरण पाहावे. अमेरिकन आणि सोव्हिएत अंतराळवीर ‘लिओनोव्ह’ यानातून गुरूपाशी निर्मनुष्य पडून राहिलेल्या डिस्कव्हरीकडे निघालेले असतात. चिनी त्यांना मागे टाकून युरोपावर उतरतात, कारण तिथल्या बर्फाचे पाणी करून इंधनटाक्या भरल्या की परतीची सोय होते. रात्री यानाचे प्रखर दिवे लागलेले असतात. बर्फाच्या भेगेतून समुद्री गवताच्या रानासारखे काहीतरी वर येते आणि बाहेरच्या थंडीत गोठत, तुटत, तरीही न थांबता प्रकाशाच्या दिशेने सरकत राहते. ते यानावर चढते आणि त्याच्या भाराने यान कोसळते. हे सगळे आपल्याला कळते ते अंतराळपोशाखात एकटेच उरलेल्या प्राध्यापक चँग यांच्या रेडिओवरच्या आवाजातून. लिओनोव्हवर तो आवाज ऐकू येतो आहे, पण उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग नाही. प्राणवायू संपत आलेला असताना चँग विलाप करत नाहीत. त्या जीवाचे निरीक्षण जसेच्या तसे नोंदवतात. शेवटी ते दोनच विनंत्या करतात. या जीवाचे वर्गीकरण होईल तेव्हा त्याला माझे नाव द्यावे, आणि पुढचे यान घरी परतेल तेव्हा आमची हाडे चीनला न्यावीत. मग आवाज तुटतो. हे पान मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहावे लागले. १९८४च्या चित्रपटात हे यानच नाही. केवळ या एका प्रकरणासाठीसुद्धा तो चित्रपट पाहिलेल्यांनी कादंबरी वाचायला हवी.

हॅलने माणसे का मारली, याचे उत्तर ‘२०१०’मध्ये आहे, आणि अनेक चाहत्यांना नेमकी तीच भीती वाटते. माहिती जशी असेल तशी, काहीही न लपवता देणे हा हॅलचा स्वभाव; त्यालाच मोहिमेचा खरा हेतू सहकाऱ्यांपासून लपवण्याची आज्ञा दिली गेली आणि त्या ओढाताणीत तो भ्रमिष्ट झाला, असे डॉ. चंद्रा शोधून काढतात. माझ्या मते या उत्तराने चित्रपटाचे काही बिघडत नाही. एक तर त्याचे बीज १९६८च्या कादंबरीतच आहे. शिवाय त्यामुळे हॅल खलनायक न राहता फसवला गेलेला जीव ठरतो, आणि ‘डेझी, डेझी’ हे गाणे म्हणत हळूहळू विझत जाणारा त्याचा आवाज पुन्हा ऐकताना मन अधिकच कालवते.

कादंबरीत उणिवा आहेत. माणसे उभी करणे हे क्लार्क यांचे बलस्थान कधीच नव्हते. लिओनोव्हवरची निम्मी मंडळी नाव आणि हुद्दा यापलीकडे लक्षात राहत नाहीत. डिस्कव्हरीवरचा अंतराळवीर असलेल्या आणि आता देहाविना भटकणाऱ्या डेव्हिड बोमनची पृथ्वीभेटही लांबली आहे. तरीही अर्पणपत्रिका वाचून मान आदराने झुकते. अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यांच्या जोडीला तिथे सोव्हिएत सरकारला विरोध करणारे शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह यांचे नाव आहे, आणि पुस्तक निघाले तेव्हा साखारोव्ह गॉर्की शहरात नजरकैदेत होते.

‘२०६१’ मात्र उसनवारीवर उभी आहे. गॅलिलिओ यान गुरूपाशी जाऊन काय सांगते ते पाहून पुढचा भाग लिहावा, असा क्लार्क यांचा मूळ विचार होता. १९८६च्या जानेवारीत चॅलेंजर यानाचा अपघात झाला, गॅलिलिओचे प्रक्षेपण लांबले आणि त्यांनी न थांबता लिहायला घेतले. गॅलिलिओ गुरूपाशी पोहोचले ते १९९५च्या डिसेंबरमध्ये. हॅलीच्या धूमकेतूवर उतरण्याची पाने यात अप्रतिम आहेत, आणि युरोपावरचा अख्खा पर्वत हिऱ्याचा असणे ही कल्पना रम्य असली तरी मनगढंत नाही; अतिदाबाखाली ग्रहांच्या पोटात हिरे तयार होत असावेत, असे सुचवणारा लेख १९८१ साली ‘नेचर’मध्ये आला होता. परंतु अपहरण, सुटका आणि लिओनोव्हवरून गेलेला, आता शंभरी ओलांडलेला अमेरिकन शास्त्रज्ञ हेवूड फ्लॉइड यांची मोट नीट बांधली गेलेली नाही, आणि युरोपाचे वर्णन तर मागच्या पुस्तकातून उचलून घातले आहे. पाच वर्षे वाट पाहून पुढचा भाग हाती घेणाऱ्या वाचकाला हे खटकणारच.

‘३००१’चा आरंभ मोह पाडणारा आहे. हॅलने अवकाशात भिरकावलेला डिस्कव्हरीवरचा अंतराळवीर फ्रँक पूल हजार वर्षांनी नेपच्यूनपलीकडे सापडतो, त्याला पुन्हा जिवंत करतात, आणि विषुववृत्तावरच्या चार प्रचंड मनोऱ्यांनी पृथ्वीला जोडलेल्या वलयाकार नगरीत तो डोळे उघडतो. पण अशी नगरी दाखवता दाखवताच पुस्तकाचा मोठा भाग संपतो. नंतर मोनोलिथ हे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या वरिष्ठाच्या हुकुमावर चालणारे एक यंत्र ठरते आणि माणसे संगणक-विषाणू सोडून त्याला निकामी करतात. ज्या काळ्या शिळेपुढे आदिमानव हात लावायला घाबरत उभा होता, तिची ही गत वाचताना मला खरोखर वाईट वाटले. आपली पुस्तके सरळ एकापुढे एक येणाऱ्या उत्तरकथा नसून एकाच विषयावरची वेगवेगळी रूपे आहेत, असे क्लार्क यांनी स्वतःच नोंदवले आहे. त्या सवलतीचा लाभ घेऊन मी ‘३००१’ माझ्यापुरती वगळली आहे.

‘२०१०’ विकत घेताना शेवटची लेखकाची टिपणे असलेली आवृत्तीच पाहून घ्यावी. कोलंबोत संगणकावर लिहिलेली ही कादंबरी एका पाच इंची फ्लॉपीवर न्यूयॉर्कला गेली आणि अखेरच्या दुरुस्त्या श्रीलंकेतल्या पादुक्का भूकेंद्रावरून हिंदी महासागरावरच्या इन्टेलसॅट उपग्रहामार्फत पाठवल्या, असे त्यांत लिहिले आहे. भूस्थिर उपग्रहांतून संदेशवहन करता येईल, असे १९४५ साली लेख लिहून मांडणारा माणूसही तोच होता.