हरणाच्या माउंटसाठी बदली कातडे : कच्चे घ्यावे की कमावलेले?

अमेरिकेत शिकार केलेल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे कातडे सोलताना गळ्याशी चिरले गेले, किंवा भिंतीवरच्या जुन्या माउंटला, म्हणजे साच्यावर कातडे मढवून टांगलेल्या डोक्याला, कसर लागली, तर शिंगे आपली आणि कातडे दुसऱ्या हरणाचे, एवढाच मार्ग उरतो. मान-खांद्यापर्यंतच्या या कातड्याला तिथले कारागीर ‘केप’ म्हणतात. नुसता कान तडकला असेल किंवा नाकाचा रंग उडाला असेल, तर मात्र डागडुजीवर भागते.

कच्चे, म्हणजे गोठवलेले किंवा खारवलेले केप साधारण 75 ते 150 डॉलरला मिळते आणि कमावलेले 150 ते 250 डॉलरला. हा फरक फसवा आहे. कच्चे कातडे कमावून घेण्याचे 60 ते 100 डॉलर आणि टॅनरीला जाण्यायेण्याचा टपालखर्च धरला की स्वस्ताई जवळजवळ संपते. शिवाय टॅनरीत काही महिने जातात ते वेगळेच. त्याहून मोठा धोका केस सुटण्याचा. हरीण उन्हात पडून राहिले असेल तर जिवाणू केसांची मुळे सैल करतात, आणि गोठलेल्या गठ्ठ्यात हे दिसत नाही. कातडे वितळल्यावर कानाच्या कडेचे केस दोन बोटांनी हलकेच ओढावेत. पुंजका हातात आला तर पैसे बुडाले असे समजावे. कमावलेल्या केपमध्ये हा दोष आधीच उघड झालेला असतो, म्हणून स्वतः खरेदी करणाऱ्याने तेच घ्यावे असे माझे मत आहे. कारागीर स्वतःच्या फ्रीझरमधले केप हमीसह देत असेल, तर कच्चेही चालेल.

दोन्ही प्रकारांत किमतीहून माप महत्त्वाचे असते. डोळ्याच्या पुढच्या कोपऱ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर आणि कानांमागे मानेचा घेर ही दोन मापे फोमच्या साच्याशी जुळली पाहिजेत. 21 इंची मानेच्या साच्यावर 18 इंची केप ओढून बसवले तर शिवण उसवते. नोव्हेंबरमधील माजावर आलेल्या नराची मान फुगलेली आणि केस दाट, करडे असतात, तर सप्टेंबरच्या हरणाचा केसाळा आखूड व तांबूस असतो. बसवण्याची मजुरी बहुधा 600 ते 1,000 डॉलर असल्यामुळे केपवर वाचवलेले 40 डॉलर त्यात कुठेच दिसत नाहीत.

केप दुसऱ्या राज्यातून मागवताना तिथला विक्रीचा नियम आणि हरणांच्या सीडब्ल्यूडी या रोगामुळे घातलेली वाहतूकबंदी आधी पाहावी. मेंदू किंवा कणा चिकटलेले डोके अनेक राज्ये आत येऊ देत नाहीत; स्वच्छ सोललेले कातडे सहसा चालते. महाराष्ट्रातल्या वाड्यात आजोबांच्या काळचे सांबराचे डोके असेल, तर त्याला हा हिशोब लागू नाही, कारण सांबराच्या कातड्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा ठरते.