कॅनेलो की इनोउए? मे 2025 मधला तो वीकेंड

2 ते 4 मे 2025. तीन दिवसांत बॉक्सिंगच्या तीन मोठ्या लढती. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रोली रोमेरोने रायन गार्सियाला पाडून गुणांवर हरवलं. ती लढत बाजूला ठेवू. खरी तुलना उरलेल्या दोन लढतींची, कारण दोन्हीकडे पणाला लागले होते निर्विवाद विजेतेपदाचे पट्टे, म्हणजे एका वजनगटातले चारही प्रमुख पट्टे.

रियाधमध्ये मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझने क्यूबाच्या विल्यम स्कलला 12 फेऱ्यांत हरवून चौथा पट्टा परत मिळवला आणि सुपर मिडलवेट वजनगटातले चारही पट्टे पुन्हा एकत्र केले. निकाल एकमताने. पण दोघांनी मिळून फेकलेले ठोसे किती? 445! ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदींत 12 फेऱ्यांच्या लढतीतला हा नीचांक. स्कल रिंगभर पळत राहिला हे खरं, पण कॅनेलोनेही त्याची वाट अडवायची फारशी तसदी घेतली नाही.

लास वेगासमध्ये जपानच्या नाओया इनोउएसमोर टेक्सासचा रामोन कार्डेनास. त्याच्याकडून कुणाला फार अपेक्षा नव्हती. दुसऱ्या फेरीच्या शेवटी इनोउएचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) हुकला आणि त्याच क्षणी कार्डेनासचा डावा हुक बसला. चॅम्पियन थेट खाली! तो उठला, पण घाई केली नाही. आधी पोटावर मारा, मग जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसे. सातव्या फेरीत त्याने कार्डेनासला पाडलं आणि आठव्यात पंचांनी लढत थांबवली.

पट्टे दोघांनीही राखले-मिळवले, पण रिप्ले बघायचा तर इनोउएचाच. कॅनेलोची लढत झोप येत नसेल तेव्हा लावा.